ती शीळ सिनेमाची नाही

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या जपान्यांच्या कैदेतल्या ब्रिटिश सैनिकांवरच्या सिनेमातल्या शिळेची क्लिप पुन्हा फिरू लागली आहे. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: ही धून संगीतकार मॅल्कम अर्नोल्डने या सिनेमासाठी रचली, कैद्यांकडे वाद्यं नव्हती म्हणून ती शिळेवर घेतली, तिला ऑस्कर मिळालं आणि मग लष्करी बँडांनी ती उचलली. आमच्या तीन ग्रुपांवर आली, म्हणून एकदाच लिहितो.

रचली कोणी? सिनेमा १९५७चा आणि धून १९१४ची. तिचं नाव ‘कर्नल बोगी’, एक मार्च, म्हणजे पलटणीनं पावलं टाकत चालायची धून. रचनाकार फ्रेडरिक रिकेट्स, ब्रिटिश सैन्यातला बँडमास्टर. नोकरीत असल्यामुळे केनेथ आल्फर्ड या टोपणनावानं छापायचा. तो १९४५ सालीच वारला. किस्सा असा सांगतात की स्कॉटलंडमध्ये त्याच्यासोबत गोल्फ खेळणारा एक अधिकारी चेंडू मारताना पुढच्यांना ओरडून सावध करायच्या ऐवजी दोन सुरांची शीळ घालायचा. किस्सा खरा-खोटा कसाही असो, ते दोन सूर मार्चच्या तोंडालाच आहेत. पेटीवर पंचम वाजवा आणि शुद्ध गंधारावर उतरा, लगेच ओळखाल. ‘बोगी’ही गोल्फमधलाच: खेळाडूंनी ज्याच्याशी सामना कल्पायचा, असा एक काल्पनिक कर्नल.

बँडांनी सिनेमातून उचलली, हे तर पार उलटं. बँडाची चीज सिनेमानं घेतली.

शिळेचं कारणही अर्धवट आहे. कैद्यांकडे वाद्यं नव्हती, कबूल. पण गळे होते की! अडचण शब्दांची होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी या चालीवर हिटलरच्या शरीररचनेविषयी एक चावट गाणं बसवलं होतं. ते पडद्यावर कोण गाऊ देणार? नुसती शीळ पुरेशी होती. शब्द ब्रिटिश प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप वाजत.

ऑस्करचं मात्र खरं आहे, फक्त ते या धुनेला नव्हे, अर्नोल्डच्या पार्श्वसंगीताला मिळालं. आता काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन त्याला चोर म्हणतात, तेही चूक. त्यानं ‘कर्नल बोगी’वर चपखल बसेल अशी दुसरी, स्वतःची चाल रचली, तिचं नाव ‘रिव्हर क्वाय मार्च’. फाटक्या बुटांची पलटण छावणीत शिरते तो प्रसंग हेडफोन लावून ऐका. आधी एकटी शीळ, ती आल्फर्डची. मग वाद्यवृंद मिसळतो आणि शिळेसोबत वेगळीच चाल धावू लागते, ती अर्नोल्डची. अमेरिकन वाद्यवृंद-संचालक मिच मिलरच्या तबकडीवर दोन्ही एकत्र आल्या आणि लोकांच्या कानात त्यांची एकच धून झाली.

खास सिनेमासाठी लिहिलेला मार्चच फॉरवर्ड करायचा असेल, तर १९६३च्या ‘द ग्रेट एस्केप’मधला एल्मर बर्नस्टाइनचा करा. ‘डॅम बस्टर्स’ या युद्धपटाचा पाठवू नका, तो एरिक कोट्सनं आधीच लिहून ठेवला होता.