एका चकतीच्या बारा भानगडी

आवाज थोडा वाढवायचा होता. बास, एवढंच. रात्री अकरानंतर कोल्हापूरची आमची राजारामपुरी जरा गप्प होते, म्हणून गायिका केसरबाई केरकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. तान समेवर यायच्या बेतात होती, म्हटलं एक घर आवाज वर घ्यावा. खिशात हात घातला, फोन आणि इअरफोनच्या मधे लावलेल्या डॅक-ॲम्पच्या, म्हणजे फोनमधलं डिजिटल गाणं कानाला ऐकण्याजोगं करून मोठं करणाऱ्या डबीची चकती फिरवली आणि कानात बाई ओरडल्या, "ब्लूटूथ मोड!" केसरबाई नव्हेत, दुसऱ्याच. इंग्रजीत. गाण्याच्या चौपट आवाजात. आणि गाणं बंद.

का, तर फिरवायच्या आधी चकती जरा जास्तच वेळ दाबली गेली. खिशात हात घालून चकती न दाबता फिरवून दाखवेल त्याला माझ्यातर्फे तांबडा-पांढरा. या एवढ्याशा डॅक-ॲम्पवर चकती एकच आहे. फिरवली की आवाज. एकदा दाबली की गाणं थांबतं, दोनदा दाबली की पुढचं, तीनदा दाबली की मागचं. दोन सेकंद धरली की मोड बदलतो, पाच सेकंद धरली की बंद, आठ सेकंद धरली की सगळं पुसून कारखान्यातून आल्यासारखं कोरं. आणि दाबून धरून फिरवली की गेन, म्हणजे आवाज मुळात किती पट फुगवायचा ते, बदलतो. हे सगळं ठरवणारा शहाणा स्वतः हे यंत्र खिशात ठेवून बसस्टँडपर्यंत तरी चाललाय का?

बरं, गेनचं ऐका, कारण खरा जाळ तिथंच झाला. ब्लूटूथमधून परत यूएसबीवर यायला मी चकती धरली. अंगठा बहुतेक तसूभर सरकला असेल. हाय गेन लागला. माझे कानात घालायचे इअरफोन आहेत, सोळा ओमचे, नाजूक. त्यांना लो गेनच भरपूर होतो, हाय गेन हा मोठ्या तीनशे ओमच्या हेडफोनसाठी असतो. पण हाय लागलाय की लो, ते कुठं दिसायची सोय नाही. आधी कानात बारीक 'सूंऽऽ' आलं. म्हटलं काहीतरी बिघडलं. तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि केसरबाईंचा षड्ज असा काही कानफटात बसला की इअरफोन ओढून काढेपर्यंत डोळ्यांत पाणी. आतल्या खोलीतून आई, "आरं, त्या डबीला काय बघत बसलाइस मघापासनं? झोप की."

आता दिव्याकडं या. दिवाही एकच! गाण्याचे सेकंदाला किती हजार नमुने घेतलेत ते किलोहर्ट्झमध्ये मोजतात; 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झचं गाणं असेल तर हिरवा, त्यावरचं असेल तर निळा. चार्ज होताना लाल. आणि चार्ज पूर्ण झाला की? हिरवा. म्हणजे हिरवा दिवा बघून काय समजायचं, सीडीच्या दर्जाचं वाजतंय की पोट भरलंय? माहितीपत्रक आहे, पण त्यातली अक्षरं मुंगीच्या पायांएवढी, आणि एकोणीस भाषांत. त्यात मराठी असायची अपेक्षा नव्हतीच.

आणि ती दोन भोकं. दोन्ही टाइप-सी, अगदी शेजारी-शेजारी. एक डेटाचं, एक नुसतं चार्जिंगचं. कुठलं कुठलं ते लिहिलंय, काळ्यावर काळ्या रंगात कोरून! काळ्यावर काळं कोरणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. टीव्हीच्या मागं तेच, वायफायच्या डबीवर तेच, नव्या मिक्सरवर तेच. पांढरा रंग काय लिलावात गेलाय? चुकीच्या भोकात वायर घातली की डबी गुपचूप फोनची बॅटरी पीत बसते, आवाज शून्य. वायरही त्यांनी दिलीय ती बोटभर. लांब वायर मागायला शाहूपुरीत गेलो तर पोरगं म्हणतं, "काका, सगळ्या वायरी सेमच असतात." नसतात बाळा. निम्म्या वायरींत डेटाच्या तारा नसतातच, नुसती वीज जाते. त्यानं ठामपणे विकलेली वायर तसलीच निघाली.

ॲपबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेन चकतीऐवजी ॲपमधून बदलता येतो म्हणे, म्हणून रात्री पावणेबाराला ते उतरवलं. आधी खातं काढा. मग ओटीपी. मग लोकेशन द्या. मी राजारामपुरीत बसून ऐकतोय की रंकाळ्यावर, यानं त्या डबीला काय फरक पडतो? दिलं लोकेशन. तर ॲप डबीशी बोलतं फक्त ब्लूटूथवर. म्हणजे वायरवर ऐकत असाल तर गाणं तोडा, ब्लूटूथला जा, त्या बाईंचं ओरडणं ऐका, गेन बदला, परत वायरवर या, परत बाई. फर्मवेअर, म्हणजे डबीच्या आतलं सॉफ्टवेअर, नवीन घ्यायचं तर त्याला विंडोजचा कॉम्प्युटर पाहिजे. मदतीला चॅट आहे. तिथला यंत्रमानव म्हणतो, डबी बंद करून चालू करून बघा. अरे, बंदच तर होत नाही धड, त्यासाठीच आलोय!

हे सगळं कशामुळं? 2016 मध्ये आयफोन 7 मधून इअरफोनचं साडेतीन मिलिमीटरचं भोक काढलं आणि बाकीच्यांनी मेंढरासारखी त्याची नक्कल केली, त्यामुळं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका एकोणिसाव्या शतकात ज्या पिना खुपसायच्या, त्याच घराण्यातली ही पिन. न चार्जिंग, न फर्मवेअर, न बाई. घातली की वाजायचं. ते काढून घेतलं आणि आता तेच आपल्याला डबीत घालून वेगळं विकतात. आम्ही घेतोही.

यात अँड्रॉइड वेगळाच. डबी 384 किलोहर्ट्झची फुशारकी मारते, पण फोन आपला सगळं ढवळून 48 वर आणून पुढं सरकवतो. अँड्रॉइड 14 मध्ये जसंच्या तसं बाहेर पाठवायची सोय आली, पण ती ॲपवाल्यानं वापरली तर. आवाजही दोन, फोनचा वेगळा आणि डबीचा वेगळा. एक पूर्ण ठेवायचा, दुसऱ्यानं खेळायचं. नाहीतर फोनच्या पंधरा पायऱ्यांत एक अशी की ऐकू येत नाही आणि पुढची अशी की शेजारी उठतो.

आणि गंमत बघा. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेब आमच्या शाहू महाराजांच्या दरबारचे, तेव्हा बाईंच्या गाण्यावर कोल्हापूरचा थोडा हक्क आहे असं मी मानतो. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढली. 2012 मध्ये व्हॉयेजर 1 सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत पोचलं. तिथवर गेली बाईंची भैरवी. आणि इथं खिशापासून कानापर्यंत हातभर वायरीत यायला तिला दोन मोड, तीन परवानग्या आणि एक ओटीपी लागतो.

मंगळवार पेठेतला मित्र हे ऐकून गार पडला. म्हणाला, "मर्दा, एक इचारू? त्या जुन्या तबकडीत आठ-दहा किलोहर्ट्झच्या वरच्या बारीक आवाजांत खरखर सोडून असतंय तरी काय? आणि तुझी पंचेचाळिशी झाली. कानाला वरचं कुठं ऐकू यालंय?" मुद्दा खोडता येईना. माणसाचे कान तरुणपणीसुद्धा वीस किलोहर्ट्झवर थांबतात आणि वय वाढलं की खालीच येतात. शिवाय माझे कान गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोर वर्षानुवर्षं नाचून तयार झालेले. म्हणजे तिप्पट पैसे मोजून मी नव्वद वर्षांपूर्वीची खरखर अत्यंत बारकाईने, कसलीही गफलत न होता ऐकतोय. त्यातही "फास्ट रोल-ऑफ" आणि "स्लो रोल-ऑफ" हे वरचा बारीक आवाज झटकन किंवा हळूहळू कापणारे दोन फिल्टर आलटून-पालटून लावले, डोळे मिटून मान डोलावली, आणि मित्राला म्हणालो, स्लोमध्ये तंबोरा जरा मोकळा वाटतो. त्यानं हसून-हसून चहा सांडला.

तरी डबी विकणार नाही. लो गेनवर, बाई गप्प असताना, ती वाजते लई भारी. तोच तर वैताग आहे.

कुणाला ठाऊक असेल तर एवढंच सांगा: आवाजाला नुसती फिरणारी चकती, गेनला बाजूला खटका, दिसेल अशा पांढऱ्या अक्षरांत नावं, आणि तोंड बंद ठेवणारं यंत्र. असं काही मिळतं का? ॲप लागत असेल तर सांगूच नका.