शाहूपुरीकरांना उत्तर : भूतबंगल्यात भागीदार का नाही?

नमस्कार. ‘एक शाहूपुरीकर’ एवढीच सही करून तुम्ही मागच्या लेखावर जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद फौंड्रीच्या शेडमध्ये मी २४ दिवस तिकीट लावून भूतबंगला चालवला. मावसभाऊ, शेडचे मालक काका आणि देखावे करणारा मित्र अशा तिघांनी भागीदारी देऊ केली, तिघांनाही मी नाही म्हटलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : गुळाच्या आडतीत तुमच्या वडिलांनी ४० वर्षं नुसत्या शब्दावर भागीदारी निभावली आणि मी मात्र मित्राकडून सगळे देखावे करून घेऊन त्याच्या हातावर मजुरी टेकवली. वर, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांच्या गावात भुतं विकतो.

शेवटचं आधी घेतो, कारण ते जास्त लागलं. १६ फेब्रुवारी २०१५ ला अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्यानंतरचं कोल्हापूर मीही बघितलंय. पण आमच्या बंगल्याची शेवटची खोली लख्ख उजेडाची आहे, हे लेखात लिहायचं राहून गेलं. तिथं ४५ अंशांत तिरकी उभी केलेली मोठी काच आहे. मघाशी अंधारात हवेत तरंगणारी बाई म्हणजे बाजूच्या काळ्या कोनाड्यात उभी राहिलेली आमची कॉलेजची पोरगी. तिच्यावर दिवा पडला की काचेत तिचं प्रतिबिंब दिसतं, दिवा उतरवला की बाई गायब. त्या खोलीत येणारी पोरं तो दिवा स्वतः वर-खाली करून बघतात. आत किंचाळलेला माणूस बाहेर पडताना काचेला हात लावून हसतो. यानं अंधश्रद्धा वाढते असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा येऊन बघा, तिकीट माझ्याकडून.

पैसे लावायला निघालेल्या मावसभावाशी माझं बिनसलं ते याच खोलीवरून. तो म्हणाला, “गुपित फोडलंस तर दुसऱ्यांदा तिकीट कोण काढणार?” धंद्याच्या हिशेबानं त्याचं चुकत नव्हतं. पण १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो की रोजच्या कामातले मतभेद बहुमतानं मिटवा. दोघांत बहुमत कुठलं आणू? त्याच्याकडून सहा लाख व्याजानं घेतले आणि दर महिन्याला फेडतोय. दिवाळीला एकमेकांकडं जाणं-येणं आहे. शेडवाल्या काकांचं तर सोपंच होतं. जागा भाड्यानं मिळते. भाडं दिलं, विषय संपला.

आता आडतीबद्दल. तुमच्या वडिलांचा शब्द मोठा, त्याला माझा नमस्कार. शब्दावरची भागीदारी कायद्यालाही चालते. मात्र फर्म नोंदवलेली नसेल तर करारातला हक्क मागायला ना फर्मला बाहेरच्यावर दावा लावता येतो, ना भागीदाराला फर्मवर. भागीदारी मोडून हिशेब मागता येतो, तेवढंच. तुमच्याकडं ती वेळ आली नाही, कारण गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काट्यावर चढतो, विक्रीच्या हिशेबाची पट्टी निघते, वजन आणि भाव दोघांनाही दिसतो. बुडालं तर पैसे बुडतात.

माझ्याकडं काय बुडू शकतं ते सांगतो. भूतबंगला आतून म्हणजे काळं कापड, प्लायवूड, ज्यूट, फोम, वाकडीतिकडी बोळं, अंधार आणि घाबरलेली माणसं. आगीला आणखी काय हवं? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ या पार्कमध्ये ट्रेलर एकमेकांना जोडून भूतवाडा केला होता. ११ मे १९८४ ला आतल्या फोमनं पेट घेतला आणि ८ मुलं गेली. विझवायला आत शिरलेल्या जवानांना ते देह आधी देखाव्यातले पुतळेच वाटले होते. हे वाचल्यापासून आमच्याकडं फोमचा तुकडासुद्धा आत येत नाही. एवढ्या लांबचं तरी कशाला? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा गर्दीत मीही उभा होतो. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर डोळ्यांदेखत गेलं आणि आपण नुसते बघत राहिलो. त्याच वर्षी २५ मे ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ हून अधिक माणसं होरपळून मेली. तिथं अग्निशमनची एनओसी नव्हती, आणि गुन्हा भागीदारांवर दाखल झाला.

साध्या भागीदारीत फर्मची देणी प्रत्येक भागीदाराच्या घरादारापर्यंत येतात. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर पैशाची जबाबदारी आटोक्यात राहते, पण हयगयीचा गुन्हा कागदानं टळत नाही. म्हणून मी तिघांनाही एकच विचारलं होतं : रोज संध्याकाळी पहिलं तिकीट फाडायच्या आधी माझ्याबरोबर सगळी दारं उघडून बघायला याल का? दर चार मिनिटांना सहा जणांचा गट सोडायचा, तासाला नव्वद; गर्दी कितीही वाढो, सातवा माणूस आत नाही. घाबरवायचं नेहमी मागून, म्हणजे माणसं पुढच्या दाराकडं पळतात. समोरून घाबरवलं की उलटी फिरून मागच्या गटावर आदळतात. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी मधेच एक माघारीचं दार, त्याला कधीच कुलूप नाही. मावसभाऊ म्हणाला, शनिवार-रविवार येईन. काका हसले.

आलं फक्त एक माणूस, तुम्ही ज्याच्यासाठी माझ्याशी भांडलात तो. गणपतीत मंडळांचे देखावे करणारा माझा मित्र, रोज साडेपाचला शेडवर हजर. त्याला भागीदारी का दिली नाही, तर त्याचं एकमेव राहतं घर त्या जबाबदारीला बांधायचं नव्हतं म्हणून. हे कारण खरं आहे. पण ते मी त्याला तेव्हा सांगितलं नव्हतं, नुसता रोजाचा आकडा सांगितला होता. इथं तुमचं बरोबर आहे.

मजा अशी की, आमच्या काचेवाल्या भुताचाही जन्म असल्याच भांडणातला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची. लंडनच्या पेपर नावाच्या प्रोफेसरनं ती रंगमंचावर परवडेल अशी सुटसुटीत केली आणि १८६२ च्या नाताळात दाखवली. पेटंट दोघांच्या नावानं झालं, पैशाचे हक्क डर्क्सनं पेपरला देऊन टाकले, आणि नंतर जाहिरातीत आपलं नाव नाही म्हणून तो चिडत राहिला. आजही त्या युक्तीला सगळे ‘पेपरचं भूत’च म्हणतात.

तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी वकिलांकडं जाऊन आलो. कामाचा मोबदला म्हणून नफ्यातला हिस्सा दिला तर तेवढ्यानं माणूस भागीदार ठरत नाही, असं त्याच कायद्यात आहे. म्हणजे हिस्सा मिळतो, देणी अंगावर येत नाहीत. रोजची मजुरी तशीच ठेवून वर नफ्याचे पंधरा टक्के, असं कागदावर लिहून मी त्याच्या घरी घेऊन गेलो. तो कागद त्यानं नीट वाचलासुद्धा नाही. विचारलं एवढंच, की दारावर नाव लागणार का. लागणार म्हटलं. पाटी तो स्वतःच रंगवणार आहे, त्यामुळं त्याची अक्षरं माझ्या नावापेक्षा मोठी असणार हे मी धरून चाललोय.