मुलगा नर्सिंगला गेला तर काय बिघडतं?

बारावीचा निकाल लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नर्सिंग हे बायकांचं काम, सेवाभाव त्यांच्या रक्तातच असतो, बाई पेशंटला पुरुष चालत नाही, पगार तुटपुंजा, पुढे वाव नाही, आणि अशा मुलाला मुलगी कोण देणार? यंदा तो माझ्या मावसभावाने पाठवला, कारण त्याच्या मुलाला बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी द्यायची आहे.

आधी रक्ताचं बघू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चांगल्या परिचारकाचे गुणही चारच. शुश्रूषेचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. बाईपण त्यात कुठेच नाही. युरोपातही मध्ययुगात धार्मिक संघांतले पुरुष आजाऱ्यांची सेवा करत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघालेली शाळा मात्र फक्त स्त्रियांसाठी होती, आणि पुढे तोच साचा जगभर गेला. अमेरिकेच्या लष्करी नर्स दलात पुरुषांना अधिकारी व्हायला १९५५ उजाडावं लागलं. आपल्या पुण्यातल्या एएफएमसीतला, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयातला, बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रमही मुलींसाठीच आहे. सगळं रक्तातच असतं तर मुलांना अडवायला नियम कशाला लागले असते?

बाई पेशंटच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अंग पुसणं, कॅथेटर घालणं यासाठी तिने सिस्टर मागितली तर ती मिळायलाच हवी. पण हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या घरांतल्या सुना बाळंतपणाला पुरुष डॉक्टरकडे जातात, तेव्हा कुणाला अवघडत नाही. उरलेलं अर्धं मजकुरात येतच नाही. पुरुषांच्या वॉर्डातही बहुतेक सगळं सिस्टरच करतात, आणि ऐंशीच्या आजोबांना तरुण मुलीकडून स्पंजिंग करून घेताना किती लाज वाटते हे त्यांना कुणी विचारत नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तिथे एखादा ब्रदर असता तर आजोबा बोलते झाले असते.

(ताकदीसाठी पुरुष हवा, असं मात्र मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि जड पेशंट एकट्याने उचलायचा नसतोच. दोघं लागतात, खाली चादर धरून.)

पगाराचं म्हणाल, तर खासगी रुग्णालयांत तो बऱ्याचदा खरंच कमी असतो, मुलींनाही. मुलींना तो पुरतो आणि मुलाला पुरत नाही, हे गणित मला कळलेलं नाही. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. मुलाला सांगायचीच असेल तर खरी अडचण सांगा: एम्सने २०१९ मध्ये नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा महिलांना द्यायचं ठरवलं. तिथे मुलांची चुरस जास्त.

ग्रुपवर आमच्या मामींनी वेगळीच शंका काढली. त्या मेट्रन, म्हणजे रुग्णालयातल्या मुख्य परिचारिका, म्हणून निवृत्त झाल्या. म्हणाल्या, "मुलं येतात आणि चार वर्षांत आमच्यावरच इन्चार्ज होऊन बसतात." हे मला खोडता येत नाही. क्रिस्टीन विल्यम्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये याला नावच दिलं, काचेचा सरकता जिना: बायकांच्या पेशात आलेला पुरुष न दिसणाऱ्या जिन्यावरून वर जातो. त्यावर उपाय बढतीच्या नियमांत शोधायला हवा. मुलाला दाराबाहेर ठेवून मामींना काय मिळणार?

राहिला लग्नाचा प्रश्न. मुलगा सतरा वर्षांचा आहे.