नजर अंधुक, परवाना लख्ख

चाळिशी केव्हाच उलटली, समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती तेजोवलये दिसू लागली आणि गतिरोधक डोळ्यांच्या आधी पाठीच्या मणक्याला कळू लागला, तरी आपण खचून जाऊ नये. नेत्रतज्ज्ञाकडे तर मुळीच जाऊ नये. तो तपासतो, आणि तपासले की सापडते. मोतीबिंदू काढून बहुतेक लोक त्याच दिवशी घरी येतात हे खरे, पण त्यासाठी दोष आपल्या डोळ्यांचा आहे हे मान्य करावे लागते. तूर्त तो महापालिकेच्या दिव्यांचा आहे.

परवान्याच्या नूतनीकरणाला नमुना 1-अ मधील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी एजंटाच्या ओळखीचे असे डॉक्टर निवडावेत, की ज्यांची आपली कधी भेटच होत नाही. म्हणजे त्यांना आपले डोळे आणि आपल्याला त्यांची पदवी तपासण्याचा संकोच पडत नाही. चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबर प्लेट, चष्म्याने का होईना, वाचता यावी, अशी एक अट आहे. तिचा बाऊ करू नये. ताशी 60 किलोमीटर वेगाने हे अंतर दीड सेकंदात कापले जाते. त्यानंतर तीच पाटी हातांनी चाचपूनही वाचता येते.

काचबिंदू असल्यास तर आपण भाग्यवानच. त्यात सहसा कडेची नजर आधी जाते आणि समोरची बराच काळ टिकते, त्यामुळे पाटी खणखणीत वाचून दाखवता येते. गल्लीतून सायकलवर निघालेला मुलगा दिसत नाही, परंतु तो परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही.

खरा धोका घरातूनच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 16 नुसार, आजारामुळे वा अपंगत्वामुळे चालक गाडी चालवण्यास अपात्र आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परवाना केव्हाही रद्द करता येतो. आणि असे कारण शेजारच्या सीटवर बसून ‘अहो, सिग्नल!’ असे ओरडत असते. तेव्हा पत्नी फार भित्री आहे, हे चारचौघांत आधीपासून सांगत राहावे.

एवढे करूनही परवाना गेलाच, तर रिक्षाने जावे. फक्त रिक्षावाल्याने पत्ता वाचण्यासाठी आपला मोबाइल नाकाला टेकवला, तर त्याला नमुना 1-अ विषयी काही विचारू नये. त्याचे डॉक्टर आपलेच निघण्याचा संभव असतो.