मायेचा अभाव हे कारण पुरत नाही

आल्बर्ट श्पेअर हा हिटलरचा आर्किटेक्ट आणि पुढे शस्त्रास्त्र-उत्पादनाचा मंत्री. जर्मनीतल्या मानहाइमच्या त्याच्या श्रीमंत घरात नोकरचाकर होते, पण माया नव्हती. म्हणून तो हिटलरकडे ओढला गेला, हे तुमच्याकडे आलेल्या त्याच्यावरच्या लेखातलं विधान मुळीच पटलं नाही. ही कहाणी पसरवली कुणी? खुद्द श्पेअरनेच, १९६६ साली तुरुंगातून सुटल्यावर. श्रीमंतीने त्याला खरं काय दिलं, ते मात्र लेखात राहून गेलं. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात आरोपी म्हणून त्याच्याच रांगेत फ्रिट्झ झाउकेल बसायचा. पोस्टमनचा मुलगा, पूर्वीचा खलाशी. श्पेअर कारखान्यांसाठी मजूर मागायचा, झाउकेल युरोपभरातून माणसं जबरदस्तीने धरून आणायचा. १९४६ मध्ये झाउकेल फासावर गेला, श्पेअरला वीस वर्षं! सुसंस्कृत घरातलं ते मोजकं, अदबशीर बोलणं श्पेअरच्या कामी आलं, असं माझं ठाम मत आहे.

मी आर्किटेक्ट आहे. आम्हाला कॉलेजात श्पेअर शिकवला तो न्यूरेंबर्गच्या नाझी पक्षाच्या मेळाव्यात सर्चलाइटांचे झोत आकाशात उभे करणारा कल्पक माणूस म्हणून. नव्या बर्लिनच्या आराखड्यासाठी त्याच्या कचेरीने ज्यू कुटुंबांना राहत्या घरांतून बाहेर काढलं, याचा अवाक्षरानेही उल्लेख झाला नाही. या लेखातही तो नाही, याचं फार वाईट वाटलं.