खापर फोडायला माथा हवा

सर्व्हर घेताना तो किती वर्षं चालेल हे विचारू नका. तो बंद पडला की खापर कोणाच्या माथी फोडायचं, एवढंच विचारा. विक्रेत्याशी केलेल्या देखभालीच्या, म्हणजे सपोर्ट कराराचं सगळं मर्म या एका प्रश्नात आहे, आणि ते ज्याला उमगलं त्याची नोकरी शाबूत राहते.

म्हणूनच ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, बहुधा फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. त्याच्या परवान्यात चक्क लिहिलेलं असतं की आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही. इतका उघडा प्रामाणिकपणा धंद्याला शोभत नाही. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या करारातही बहुधा हेच असतं, फार तर भरपाई भरलेल्या रकमेपुरती. पण ते इतक्या आतल्या पानावर असतं, की तिथवर वाचत जाण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही.

करारात 'चार तासांत प्रतिसाद' असेल तर निर्धास्त व्हा. प्रतिसाद म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे पुढे कळेलच. मुदत संपायला पाच मिनिटं असताना कोणीतरी अत्यंत विनयाने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी, मागेल. तुम्ही पाठवा. मग पाळी बदलेल आणि नवा माणूस तितक्याच विनयाने तेच लॉग मागेल. पुढे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला सांगतील. तेही केलंत की सर्व्हरवाला म्हणेल दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा, ऑपरेटिंग सिस्टिमवाला म्हणेल तिला यंत्राशी जोडणाऱ्या ड्रायव्हरचा, आणि ड्रायव्हर निघेल सर्व्हरवाल्याचाच. रात्री तुमचा डोळा लागला, तर सकाळी तक्रारीचं तिकीट 'ग्राहकाकडून उत्तर नाही' या शेऱ्यानिशी बंद झालेलं असेल. मुदती काय फक्त त्यांनीच पाळायच्या?

हार्डवेअर मात्र नामांकितच घ्या, आणि सगळ्या डिस्क एकाच खेपेतल्या, एकाच दिवशी बसवलेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने ग्राहकांना कळवलं, की आपल्या काही एसएसडी डिस्क बरोबर ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास चालल्या की कायमच्या गप्प होतील. ना डिस्क परत मिळेल, ना तिच्यावरचा डेटा. आता १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ घरांत, ऋण-धन चिन्हासकट मोजायला बसलं की आकडे ३२,७६७ ला संपतात, तेव्हा घोडं कुठे पेंड खात असावं हे तुम्हीच ताडा. अनेक डिस्क जोडीने वापरायच्या रेड पद्धतीचं सगळं गणित असं, की एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळून घेते. पण दोघी एकाच मुहूर्तावर सुरू झाल्या असतील तर जातीलही एकाच मुहूर्तावर. इतकी निष्ठा हल्ली माणसांत दिसत नाही! पुढच्याच मार्चमध्ये आणखी काही डिस्कसाठी हा मुहूर्त ४०,००० तासांचा निघाला. वेळेत फर्मवेअर बदललं तर संकट टळत होतं म्हणा. पण त्यासाठी विक्रेत्याकडून आलेल्या मेल उघडाव्या लागतात.

उलट, फुकट काम करणाऱ्यांची तऱ्हा पाहा. असंख्य वेबसाइटांचं कुलूप सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळायच्या, हे २०१४ मध्ये हार्टब्लीड या त्यातल्या दोषाचा बोभाटा झाल्यावर लोकांच्या कानी आलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. गृहस्थ खोदत बसला आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनात कोणीतरी शिताफीने पेरलेलं चोरदार त्याच्या हाती लागलं. ना तिकीट, ना पाळी, ना वरिष्ठांची मंजुरी. असल्या भोचकपणापासून आपली माणसं लांब ठेवा. अर्धा सेकंद कुठल्याच करारात 'गंभीर' या सदरात बसत नाही.

मी स्वतः शहाणा झालो तो असा. आमचा एक सर्व्हर दर चार-पाच दिवसांनी नेटवर्कवरून नाहीसा व्हायचा. तीन आठवडे तिकीट इकडून तिकडे फिरत होतं. अखेर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका जुन्या बग-नोंदीत कोण्या अनोळखी माणसाने लिहून ठेवलेली एका ओळीची सेटिंग सापडली. ती टाकली आणि सर्व्हर सुतासारखा सरळ झाला. वरिष्ठांना दिलेल्या अहवालात मी लिहिलं, 'विक्रेत्याच्या तत्पर सहकार्याने प्रश्न सुटला.' त्या वाक्याच्या बळावर पुढच्या वर्षी आमचा करार गोल्डचा प्लॅटिनम झाला.