एका टेबलाची दोन काहून करायची, ते सांगा ना सर!

डोकं फिरलं आहे नुसतं! यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून एसटीनं तालुक्याला जायचं, डेटाबेसच्या क्लासची फी भरायची, अन् पदरात काय? व्याख्या. नॉर्मलायझेशन, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून टेबलं पाडणं, त्याची नुसती व्याख्या वहीत उतरवा, पाठ करा. 'पण सर, एका टेबलाची दोन काहून करायची?' विचारलं, तर म्हणे ते परीक्षेला येत नाही.

अरे, मग येतं तरी काय!

मी कृषी केंद्रात हिशेब बघते. तिथली एक्सेलची फाइल एकदा उघडून पाहा. कास्तकार एकच, पण एका ओळीत 'देवराव', दुसरीत 'देवरावजी', तिसरीत 'देवराव पाटील'. बियाण्याची उधारी एका नावावर, युरियाची दुसऱ्या, फवारणीच्या औषधाची तिसऱ्या. कापूस विकून माणूस पैसे द्यायला दारात उभा, अन् त्याची एकूण बाकी सांगता येत नाही! मोबाइल नंबर बदलला की प्रत्येक ओळीत बदला. एखाद्याची एकच नोंद असली अन् ती खोडली, की त्याचा नंबरही गेला.

हेच तर शिकवायचं असतं ना? कास्तकारांचं टेबल वेगळं, प्रत्येकाला एक क्रमांक. उधारीच्या टेबलात नाव लिहायचंच नाही, फक्त तो क्रमांक. पहिल्या टेबलात तो प्रायमरी की, दुसऱ्यात फॉरेन की. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञानं आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती अशी टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं ते १९७० साली! ते अजून आमच्या तालुक्याला पोचू नये?

अन् सॉफ्टवेअर? फक्त मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस. विझार्डवर नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. घरी सराव करायचा तर विकत घ्या. एसक्यूलाइट नावाचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो, सर्व्हर लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर मजेत चालतं. अँड्रॉइड फोनमध्ये तर ते आधीपासूनच असतं. कोणी सांगितलं का पोरापोरींना? नोंद करता करता लाइन गेली, तर ट्रान्झॅक्शन, म्हणजे एका दमात करायच्या बदलांचा गठ्ठा, अर्धवट राहत नाही. पूर्ण झालं नसेल तर मागे फिरतं. जिथं लाइनीचा भरवसा नाही, तिथं हे पहिल्या दिवशी करून दाखवायला पाहिजे. आम्हाला मात्र 'ॲसिड'चा, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या याच भरवशाच्या चार गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा, फुल फॉर्म पाठ करायला लावला.

वरून म्हणतात, खेड्यातल्या पोरांना एवढं पुरे. काहून पुरे? पुढच्या बॅचची फी घ्यायच्या आधी बाजारातल्या एखाद्या दुकानाची उधारीची वही मागून आणा, नावं झाकून फळ्यावर मांडा, अन् पोरांकडून तिची टेबलं पाडून घ्या.